पॉवर स्टिअरिंगचा पंप घरच्या खळ्यात परत बसवताना

पंप उतरवायला आणि परत चढवायला, हात बसलेल्या माणसाला अर्धा दिवस पुरे. पण तो पुढे वर्षानुवर्षं मुकाट चालणार की चार दिवसांत परत कूंऽऽ करायला लागणार, हे बोल्ट किती जोर लावून आवळले यावर ठरत नाही. आत कचरा किती गेला आणि हवा किती राहिली, यावर ठरतं. "नवीन पंप घातला तरी आवाज तसाच" म्हणून वैतागलेल्या गाडीवाल्याला मालवणकडचा मिस्त्री आधी एकच गोष्ट विचारतो, "पंप बसवलंस ता ठीक, पण हवा काढलंस काय?" पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवतीच फिरतं.

पंप आधीच उतरवलेला आहे, त्याचं ऑइल सील बदलून आणलंय किंवा नवा आणलाय, असं धरून चालतो.

तुमच्या गाडीला पंप आहे ना?

बॉनेट उघडल्यावर बेल्टवर फिरणारा पंप, त्याला जोडलेली ऑइलची डबी आणि दोन-तीन पाइप दिसले, तर हायड्रॉलिक स्टिअरिंग. जुन्या बोलेरो, सुमो, टवेरा, क्वालिस यांत हाच प्रकार. स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेनसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते, ऑइलच नसतं. तिथे हा लेख कामाचा नाही.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. स्टिअरिंग जड झालं म्हणजे पंपच गेला, असं नसतं. समुद्राकाठच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा युनिव्हर्सल जॉइंट खारट हवेने गंजून धरतो, बॉल जॉइंटचं रबर फाटून आत लाल चिखल जातो, नाहीतर पुढच्या टायरांत हवाच कमी असते. ढोबळ पारख अशी: इंजिन बंद ठेवून आणि पुढची चाकं उचलून स्टिअरिंग फिरवा. जमिनीवरून उचललेली चाकंही एखाद्या जागी अडकत, कचकचत फिरत असतील तर दोष जॉइंटमध्ये शोधा. इंजिन चालू असताना एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागत असेल, तर संशय स्टिअरिंग बॉक्सच्या किंवा रॅकच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या) व्हॉल्व्हवर. दोन्ही बाजूंना सारखंच जड, इंजिन मंद चालताना जास्त जड आणि रेस दिली की हलकं, असं असेल तर मात्र पंप किंवा त्याचा बेल्ट.

पंप बंद पडला तरी स्टिअरिंग आणि चाकं यांचा लोखंडी जोड तुटत नाही, गाडी वळते. पण अंबा किंवा करूळ घाटातल्या वळणावर भरलेली बोलेरो नुसत्या हातांनी वळवायची म्हणजे खांदे भरून येतात, आणि अचानक जड झालं तर माणूस गांगरतो. म्हणून "चालतंय तोवर चालू दे" हे धोरण इथे उपयोगाचं नाही.

जागा आणि सामान

शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या खळ्यात (अंगणात) जॅक सरळ लावू नका. वजन आलं की तो खचतो, पावसाळ्यात तर हमखास. खाली जाड, रुंद फळी घाला. जॅकवर गाडी उचलून झाली की ती लोखंडी घोड्यांवरच (जॅक स्टँडवर) टेकवा. आपल्याकडे दारात चिरे पडलेलेच असतात, आणि गाडी चिऱ्यावर टेकवायचा मोह होतो. जांभा दगड भिंतीत वर्षानुवर्षं वजन पेलतो ते वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं म्हणून. एका टोकावर, लोखंडाच्या कडेवर, भार आला की तो न सांगता फुटतो. चिऱ्यावर टेकवलेल्या गाडीखाली जाऊ नका, हाताचं कामही करू नका.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, कारण नंतर इंजिन चालू करायचंय. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. इंजिन पूर्ण थंड असू द्या.

सामानात रिंग पान्हे, सॉकेट, पाइपाच्या नटासाठी फ्लेअर पान्हा, जमल्यास टॉर्क पान्हा, नवे तांब्याचे वायसर किंवा ओ-रिंग (तुमच्या पंपाला जे असेल ते), दोन-तीन नव्या पाइप क्लिपा, स्वच्छ सुती कापड, एक फनेल, रिकामी प्लास्टिकची बाटली आणि दोन लिटर स्टिअरिंग ऑइल. बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपासच लागतं, दुसरं धुऊन काढायला. फनेल नवं घ्या. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल अशा सगळ्यांना वापरलेलं घरचं फनेल इथे नको.

ऑइल कोणतं, हे डबीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत लालसर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना वेगळं हिरवं किंवा पिवळसर ऑइल लागतं. रंग बघून ठरवू नका आणि दोन प्रकार एकत्र करू नका. ब्रेक ऑइल चुकून घातलंत तर सील फुगून सगळी यंत्रणा नासेल.

आधी जुनं ऑइल आणि जुना कचरा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते नवे पंप मरतात ते इथेच. जुना पंप झिजून गेला असेल तर त्याच्या धातूचा बारीक चुरा स्टिअरिंग बॉक्समध्ये, पाइपांत आणि डबीत बसलेला असतो. नव्या पंपाच्या पहिल्याच फेऱ्यांत तो परत पंपात येतो.

पंप अजून बाहेरच असताना प्रेशर पाइप (पंपाकडून स्टिअरिंग बॉक्सकडे दाबाने ऑइल नेणारा) आणि रिटर्न पाइप (ते डबीत परत आणणारा), दोन्हींची तोंडं बाटलीत सोडा. पुढची चाकं उचललेली असताना स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आतलं जुनं ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. धार थांबेपर्यंत फिरवत राहा. निघालेलं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून बघा. नुसतं काळपट असेल तर ते म्हातारं झालंय. उन्हात धरल्यावर रुपेरी कण चमकले तर पंप आतून झिजला होता. दुधाळ दिसलं तर पाणी किंवा बारीक हवा मिसळली होती. रुपेरी कण दिसले तर अर्धा लिटर नवं ऑइल आतून फिरवून परत काढा, ते पैसे वाया नाहीत.

डबी उतरवून उलटी करा. बहुतेक डब्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने भरली की पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि तो रडतो. ती रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा, नवीन ऑइलने एकदा खंगाळा. जाळी निघत नसेल आणि गाळ जात नसेल तर डबी नवीन घ्या.

पाइप हातात घेऊन बघा

डबीकडून पंपाकडे जाणारा सक्शनचा रबरी पाइप फसवा असतो. त्यातून ऑइल दाबाने जात नाही, पंप ते ओढून घेतो. म्हणून त्याला बारीक चीर पडली, की बाहेर ऑइलचा थेंबही न सांडता आत हवा ओढली जाते. गाडीखाली डाग नाही, डबीत फेस मात्र येतो. पाइप बोटांत दुमडून बघा. बारीक चिरा दिसल्या, तोंडाकडे कडक झाला असेल किंवा दाबल्यावर परत फुगत नसेल, तर बदला. बदली पाइप ऑइलला टिकणाराच हवा. दुकानात "हाच लावा, चालतो" म्हणून रेडिएटरचा किंवा पाण्याचा पाइप देतात, तो आतून सुजून सोलवटतो आणि त्याचे तुकडे पंपात जातात. क्लिपाही बघा. खाऱ्या हवेत त्यांचा स्क्रू आतून सडतो, वरून धड दिसतो.

पंप तयार करणं

पंपाच्या दोन्ही तोंडांना कारखान्याची प्लास्टिक बुचं असतील तर ती पाइप जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका. पुली हाताने फिरवा. ती सारख्या जोराने, न खरखरता फिरायला हवी आणि वर-खाली हलायला नको.

पुली जुन्याच पंपाची नव्यावर घालायची असेल तर सावध. काही पुल्या नटाने बसतात, ते सोपं. बऱ्याच पुल्या दांड्यावर दाबून बसवलेल्या असतात. त्या पुलरने काढायच्या आणि पुली बसवायच्या अवजारानेच बसवायच्या. हातोड्याने ठोकलीत तर तो धक्का सरळ दांड्यावरून आतल्या रोटरला बसतो, आणि पंप गाडीवर चढायच्या आधीच खराब होतो. अवजार नसेल तर कुडाळच्या किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे न्या, प्रेसचं काम दहा मिनिटांचं. काढायच्या आधी पुली दांड्यावर किती खोल बसलीय, हे पट्टीने मोजून ठेवा. तेवढीच खोल परत बसली पाहिजे, नाहीतर बेल्ट तिरका चालतो.

आता पंप भरून घ्या. सक्शनच्या तोंडातून नवीन ऑइल सोडा, पुली तिच्या फिरण्याच्याच दिशेने हाताने हळू फिरवा, प्रेशरच्या तोंडातून ऑइल येईपर्यंत. कोरडा पंप सुरू झाला तर त्याची पाती पहिल्याच मिनिटात ओरखडली जातात.

गाडीवर चढवणं

ब्रॅकेट आणि बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करा. मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर मासळी भरून येणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी ठिबकून ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर पांढरी भुकटी आलेली असते. ती राहिली तर पंप नीट टेकत नाही. बोल्टाच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी छिन्नी घ्यावी लागणार नाही.

सगळे बोल्ट आधी हाताने घाला. एकही पान्ह्याने सुरू करू नका. तिरका धरलेला बोल्ट ॲल्युमिनियमचा आटा खाऊन टाकतो, आणि मग लेथवाल्याकडे फेरी अटळ. पंप बेल्टच्या रेषेत आला की बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. किती आवळायचं ते गाडीच्या दुरुस्ती पुस्तकातून घ्या. अंदाज हवा असेल तर ८ मिलिमीटरच्या साध्या ८.८ दर्जाच्या बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्याला ४० ते ५०. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टाला खालचा आकडा धरा, आणि आट्यांना ग्रीस असेल तर त्याहून हात थोडा हलका. बेल्टचा ताण जुळवायचा लांबट खाचेतला बोल्ट मात्र अजून सैल ठेवा.

प्रेशर पाइप

या पाइपात मोटारींमध्ये ऐंशी-शंभर बारपर्यंत दाब जातो. गाडीच्या टायरात दोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. म्हणून इथे जुनं वायसर परत घालू नये. वापरलेलं तांब्याचं वायसर निरखून बघा. दोन्ही बाजूंना गोल खाच पडलेली दिसेल. तांबं एकदा दबून त्या जागेच्या आकाराचं झालंय, दुसऱ्यांदा ते तसं दबणार नाही. नवीन घाला, पाइपाच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. ओ-रिंगवाला जोड असेल तर नव्या ओ-रिंगला त्याच ऑइलचं बोट लावा.

नळाच्या कामाची सवय असलेले लोक आट्यांवर पांढरी टेफलॉन टेप गुंडाळतात. इथे ती नको. गळती तोंडावरच्या वायसरने किंवा ओ-रिंगने थांबते, आट्याने नाही. टेपचे धागे मात्र तुटून पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

जोड आवळताना पाइपाची ठेवण बघा. तो सायलेन्सरच्या गरम भागाला किंवा बेल्टला घासता कामा नये. एटीएफ तापलेल्या लोखंडावर पडलं तर पेट घेऊ शकतं. पाइपाला पूर्वी जिथे आधाराच्या पट्ट्या होत्या तिथे त्या परत लावा. रिटर्न आणि सक्शनचे पाइप तोंडावर पूर्ण आत सरकवून, क्लिप गोल कड्याच्या मागे येईल अशी बसवा.

बेल्ट

जुन्या बेल्टच्या आतल्या बाजूला चिरा असतील किंवा कडा चमकत असतील, तर नवा घाला. सुट्या व्ही-बेल्टला दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण दहा मिलिमीटर खाली जाणं ठीक, गाडीनुसार पुस्तकात बघून घ्या. ताण देताना पंपाच्या अंगावर किंवा डबीवर पहार लावू नका, बाहेरचं कवच चेपतं. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर बेल्टचा मार्ग तेवढा नीट बघा. कित्येक गाड्यांत याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही असतो. मार्ग चुकला तर इंजिन तापेल. शेवटी एक सरळ पट्टी पुल्यांवर आडवी धरून सगळ्या एका रेषेत आहेत ना, ते बघा.

हवा काढणं, म्हणजे अर्धं काम

इथे घाई केलीत तर वरचं सगळं पाण्यात. दोन माणसं हवीत, एक स्टिअरिंगवर, एक डबीजवळ. डबीजवळच्याने बोलायचं, स्टिअरिंगवरच्याने ऐकायचं. चावी फिरवून स्टिअरिंगचं कुलूप सोडा, इंजिन मात्र बंद. पुढची चाकं वर.

डबी 'कोल्ड' खुणेपर्यंत भरा, दहा मिनिटं तशीच ठेवा. ऑइल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. मग स्टिअरिंग अगदी सावकाश एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. टोकावर जोर लावू नका. पंधरा-वीस फेऱ्या. सुरुवातीला डबीत मोठे बुडबुडे भुडुक करून वर येतात आणि पातळी झपकन खाली जाते. डबीतला पाइप उघडा पडला की परत हवा ओढली जाणार, म्हणून डबीजवळच्याने ऑइल ओतत राहायचं. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, मग थांबतात, पातळी स्थिरावते. तोवर इंजिनाला हात नाही. रिटर्नचा पाइप बाटलीत सोडून इंजिन चालू करून धुऊन काढायची युक्ती काहीजण सांगतात. माझा तिला विरोध आहे, कारण डबी क्षणात रिकामी होते आणि पंप कोरडा फिरतो.

आता बॅटरी जोडा. इंजिन काही सेकंद चालू करून बंद करा, पातळी बघा, भरा. परत चालू करा, मंद चालू द्या, रेस नाही. स्टिअरिंग हळू दोन्ही बाजूंना फिरवा, कुठल्याही टोकावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. टोकावर पंप पूर्ण दाबावर ढकलत असतो आणि ऑइल भराभर तापतं.

डबीत बघा. नवीन लाल ऑइल नितळ, माणकासारखं दिसत असेल तर झालं. गुलाबी, दुधाळ, फेसाळ दिसत असेल तर हवा बारीक बुडबुड्यांनी ऑइलात मिसळलीय. अशा वेळी तेच तेच फिरवत राहून उपयोग नसतो, ती आणखी घुसळली जाते. इंजिन बंद करा, झाकण सैल ठेवा, तासभर सोडून द्या. हवा आपसूक वर येते. मग इंजिन बंद ठेवूनच पुन्हा फेऱ्या मारा. दोन-तीनदा करूनही फेस जात नसेल तर पंपाला दोष देऊ नका. सक्शनच्या पाइपाची क्लिप आणि पंपाच्या तोंडावरची ओ-रिंग तपासा, हवा बहुधा तिथूनच येतेय.

गळती बघताना हाताने चाचपू नका. दाबाखालची बारीक, न दिसणारी धार कातडी भेदून ऑइल आत घालते, आणि ते प्रकरण सरळ शस्त्रक्रियेपर्यंत जातं. पुठ्ठ्याचा तुकडा जोडाजवळ धरा, त्यावर डाग उमटला की जागा कळते. डोळ्यांना चष्मा.

रस्त्यावर

गाडी खाली उतरवा, पातळी बघा. आधी अंगणात, मग सपाट रस्त्यावर सावकाश. पहिल्याच दिवशी आंबोली किंवा कुंभार्ली घाट गाठू नका. वळताना आवाज ऐका. कूंऽऽ असा रडका आवाज म्हणजे हवा किंवा ऑइल कमी. टोकाला चीऽऽ असा किंचाळता आवाज म्हणजे बेल्ट घसरतोय. गाडी गरम झाल्यावर पातळी 'हॉट' खुणेच्या वर नको, फुगलेलं ऑइल झाकणातून बाहेर येतं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर बेल्टचा ताण, पातळी आणि पाइपाचे जोड पुन्हा बघा. नवीन बेल्ट थोडा सैलावतोच.

गणपतीच्या आधी हे काम काढत असाल तर निदान आठवडाभर आधी काढा. त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावरची गॅरेजं चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेली असतात, आणि एखादं वायसर कमी पडलं तर तेवढ्यासाठी गाडी खळ्यात उभी राहते. पावसात पंप उघडा पडला असेल तर वर ताडपत्री बांधा. डबीत पागोळीचा एक थेंबही नको.

गाडी धुताना इंजिनाच्या बाजूला विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका, गोडं पाणी घ्या. पंपाच्या बोल्टांवर आणि पाइपाच्या लोखंडी जोडांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, बेल्टवर आणि पुलीवर मात्र ते लागू देऊ नका. जुनं ऑइल बाटलीत बंद करून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे वापरलेलं ऑइल गोळा करणारे येतात. वाळवीला म्हणून ते मांगराच्या (शेतावरच्या खोपटाच्या) खांबांना ओतायची पद्धत गावोगाव आहे, पण आपल्या जांभ्या दगडातून पाणी झटकन झिरपतं, आणि विहीर तिथून बहुधा हाकेच्या अंतरावरच असते.